शितावरून भाताची परीक्षा : रक्ताच्या एका थेंबातून सेप्सिस कसा ओळखतात?

न्यूमोनिया, लघवीच्या मार्गातला संसर्ग, बाळंतपणानंतरचा ताप किंवा पायाला झालेली साधी जखम. यांपैकी कशातूनही सुरू होणारा आणि काही तासांत रुग्णाला थेट अतिदक्षता विभागात पोहोचवणारा विकार म्हणजे सेप्सिस. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार, २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्याच्याशी संबंधित १ कोटी १० लाख मृत्यू झाले. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी साधारण एक.

एवढा मोठा आकडा असूनही सेप्सिस आहे की नाही हे ठामपणे सांगणारी एकच अशी चाचणी नाही. मलेरियासाठी रक्ताची काच तपासतात, मधुमेहासाठी साखर मोजतात. सेप्सिसमध्ये मात्र डॉक्टरांना ताप, नाडी, श्वास, रक्तदाब आणि रक्ताचे अनेक अहवाल एकत्र मांडून अंदाज बांधावा लागतो. त्यातही वेळ हाताशी नसतो.

या अडचणीवर गेली काही वर्षे एक वेगळा मार्ग शोधला जात आहे. केसाइतक्या किंवा त्याहूनही बारीक नळ्या कोरलेल्या छोट्याशा चिपमध्ये रक्ताचा एक थेंब सोडायचा आणि त्यातल्या पेशी कशा वागतात ते पाहायचे. या तंत्राला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. ते नेमके काय करते, कुठपर्यंत पोहोचले आहे आणि कुठे कमी पडते, ते समजून घेऊ.

सेप्सिस म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे जखम चिघळली की ‘सेप्टिक झाले’ म्हणतात आणि गंभीर रुग्णाबद्दल ‘रक्तात इन्फेक्शन पसरले’ असे ऐकायला मिळते. सेप्सिस हा शब्द त्याच कुळातला असला तरी त्याचा आजचा वैद्यकीय अर्थ थोडा वेगळा आहे. २०१६ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ठरवलेल्या व्याख्येनुसार, संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बिघडल्यामुळे अवयवांचे काम कोलमडणे आणि त्यातून जिवाला धोका निर्माण होणे म्हणजे सेप्सिस.

या व्याख्येत भर जंतूवर नाही, शरीराच्या प्रतिसादावर आहे. एरवी जंतू शिरले की पांढऱ्या पेशी तिथे धावतात, रसायने सोडतात आणि लढाई त्या जागेपुरती राहते. सेप्सिसमध्ये ही लढाई सगळ्या शरीरात पेटते. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब घसरतो, बारीक वाहिन्यांमध्ये गुठळ्या होतात आणि मूत्रपिंड, फुफ्फुसे, मेंदू यांना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार.

म्हणूनच रक्तात जंतू सापडला म्हणजे सेप्सिस आणि सापडला नाही म्हणजे सेप्सिस नाही, असे समीकरण इथे चालत नाही. बऱ्याच रुग्णांमध्ये मूळ संसर्ग फुफ्फुसात किंवा पोटात असतो आणि रक्तात जंतू मिळतच नाहीत.

मग निदान अवघड का जाते?

सध्याची मुख्य चाचणी म्हणजे ब्लड कल्चर. रक्ताचा नमुना पोषक द्रवाच्या बाटलीत ठेवतात आणि त्यात जंतू वाढतात का ते पाहतात. जंतू वाढायला वेळ लागतो. अहवाल हाती यायला साधारण एक ते तीन दिवस जातात. शिवाय सेप्सिसच्या बहुतांश रुग्णांमध्ये कल्चर निगेटिव्हच येते. कधी रुग्णाने आधीच प्रतिजैविके घेतलेली असतात, तर कधी जंतू रक्तात नसतातच.

दुसरा मार्ग म्हणजे रक्तातील खुणांचा. सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन आणि लॅक्टेट या चाचण्यांची नावे आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांनाही पाठ होतात. त्या उपयोगी आहेत, पण प्रत्येकीला मर्यादा आहे. सीआरपी शस्त्रक्रियेनंतर, अपघातानंतर किंवा संधिवातातही वाढते आणि तिची वाढ सावकाश होते. प्रोकॅल्सिटोनिन जिवाणूंच्या संसर्गाकडे जास्त बोट दाखवते, पण मोठ्या भाजण्यात किंवा जबर मारातही ते चढू शकते. लॅक्टेट वाढले म्हणजे पेशींची उपासमार सुरू झाली आहे हे कळते, पण तोवर पाणी बरेच पुढे वाहून गेलेले असते.

आणि इथे वेळेची किंमत फार मोठी आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, सेप्टिक शॉकमध्ये रक्तदाब कोसळल्यानंतर योग्य प्रतिजैविक सुरू करायला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे वाचण्याचे प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. न्यूयॉर्क राज्याने २०१३ मध्ये रुग्णालयांना सेप्सिसवरील उपचारांचे वेळापत्रक पाळणे बंधनकारक केले. तिथल्या १४९ रुग्णालयांतील ४९,३३१ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातही दर तासाच्या उशिराबरोबर मृत्यूची शक्यता वाढत जात असल्याचे दिसले.

मग शंका आली की लगेच प्रतिजैविक देऊन टाकावे, हे सोपे उत्तर नाही का? नाही. अंगात ताप आणि नाडी जलद असलेला प्रत्येक जण सेप्सिसचा रुग्ण नसतो. स्वादुपिंडाचा दाह, डेंग्यू, हृदयविकार, औषधाची रिअॅक्शन अशा अनेक गोष्टी सेप्सिसचे सोंग घेऊ शकतात. सर्वांना भारी प्रतिजैविके दिली तर त्यांना न जुमानणारे जंतू वाढतात आणि खऱ्या आजाराचा उपचार मागे पडतो.

म्हणूनच ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी दोन गट केले. शॉक असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल तर एका तासाच्या आत प्रतिजैविक. शॉक नाही आणि निदानही स्पष्ट नाही, अशा रुग्णात आधी झटपट तपासणी करायची आणि शंका कायम राहिली तर तीन तासांच्या आत प्रतिजैविक.

चिपची खरी गरज या तीन तासांत आहे. जो रुग्ण उघडउघड कोसळतो आहे त्याच्यासाठी कुठल्याही चाचणीची वाट पाहायची नसते. प्रश्न असतो तो मधल्या रुग्णांचा.

मायक्रोफ्लुइडिक्स म्हणजे काय?

अगदी थोडा द्रव अगदी बारीक वाटांमधून खेळवण्याचे शास्त्र म्हणजे मायक्रोफ्लुइडिक्स. या वाटांची रुंदी काही मायक्रॉनपासून काहीशे मायक्रॉनपर्यंत असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तांबडी पेशी साधारण ७ ते ८ मायक्रॉनची, पांढरी पेशी १० ते १५ मायक्रॉनची. म्हणजे चिपमधल्या वाटा पेशींच्याच मापाच्या असतात आणि एकेका पेशीला एकेकटे गाठता येते.

हे तंत्र वाटते तितके परके नाही. ग्लुकोमीटरची पट्टी रक्ताचा थेंब आपोआप आत ओढून घेते, ती याच तत्त्वावर. करोनाकाळात घरोघरी वापरलेले रॅपिड किट हे त्याचे कागदी भावंड. त्यातले भारतात मान्यता मिळालेले पहिले घरगुती किट, २०२१ चे ‘कोव्हिसेल्फ’, पुण्याच्या मायलॅब कंपनीचे होते. त्यात नमुना पट्टीवरून स्वतःच पुढे सरकतो आणि ठरलेल्या जागी रेघ उमटवतो. सेप्सिसच्या चिपमध्ये कागदाऐवजी पारदर्शक प्लास्टिक, काच किंवा सिलिकॉनसारखा रबरी पदार्थ असतो आणि त्यात कोरलेल्या वाटा, वळणे, खांब आणि खोल्या असतात.

इतक्या बारीक वाटेत द्रव वेगळा वागतो. नदीतल्यासारखे भोवरे तिथे होत नाहीत. मधाच्या धारेसारखा तो थरांनी, शिस्तीत वाहतो. त्यामुळे कोणती पेशी कुठून जाईल, किती दाब सोसेल, हे आधी ठरवता येते. प्रयोगशाळेतले मोठे यंत्र जे काम करते, त्यातले एखादे काम नखाएवढ्या जागेत बसवता येते.

सेप्सिसमध्ये रक्तात बदलते तरी काय?

रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात आणि पांढऱ्या पेशी ४ ते ११ हजार. हजार तांबड्यांमागे जेमतेम एखादी पांढरी. सेप्सिसची सर्वात बोलकी माहिती मात्र या मूठभर पेशींकडे असते.

पांढऱ्या पेशींमधला सर्वात मोठा गट न्यूट्रोफिलांचा. जंतूवर पहिली धाड यांचीच असते. सेप्सिसमध्ये त्यांच्या पृष्ठभागावर सीडी-६४ नावाचे प्रथिन वाढते. त्यांचा आकार आणि दाबाखाली चेपण्याची पद्धत बदलते. काही पेशी स्वतःतला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जंतूंना अडकवतात. हीच जाळी पुढे रक्ताच्या गुठळ्यांनाही निमित्त ठरतात. अस्थिमज्जेतून अर्धवट वाढलेल्या पेशीही बाहेर पडू लागतात.

तांबड्या पेशीही सुटत नाहीत. निरोगी तांबडी पेशी स्वतःला दुमडून आपल्यापेक्षा अरुंद केशवाहिनीतून सहज निसटते. सेप्सिसमध्ये ती ताठर होते आणि बारीक वाटांमधला पुरवठा अडखळतो. सोबत रक्तद्रवात इंटरल्यूकिन-६ सारखी संदेशवाहक प्रथिने काही तासांत वाढतात.

नेहमीच्या सीबीसी चाचणीत पेशी किती आहेत ते कळते. त्या कशा वागत आहेत हे त्यातून फारसे कळत नाही. पांढऱ्या पेशींचा आकडा नेहमीसारखाच असूनही त्या बिथरलेल्या असू शकतात. चिप नेमके हे वागणे मोजते.

चिप हे कसे ओळखते? चार वेगळ्या वाटा

पहिली वाट पेशींना चक्रव्यूहात सोडण्याची. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॅनियल इरिमिया यांच्या गटाने अशी चिप तयार केली. रक्ताचा पातळ केलेला थेंब मधल्या जागेत ठेवायचा. तिथून चारी बाजूंना पेशीच्या मापाच्या वळणावळणाच्या गल्ल्या. निरोगी माणसाचे न्यूट्रोफिल कुणी रासायनिक आमिष दाखवल्याशिवाय सहसा हलत नाहीत. सेप्सिसच्या रुग्णाचे न्यूट्रोफिल मात्र आमिष नसतानाही गल्ल्यांमध्ये शिरतात, घुटमळतात, मागे फिरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या हालचाली टिपून संगणक एक गुण काढतो. २०१८ साली ‘नेचर बायोमेडिकल इंजिनिअरिंग’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ४२ गंभीर रुग्णांमध्ये या पद्धतीने ९७ टक्के संवेदनशीलता आणि ९८ टक्के विशिष्टता दाखवली. संवेदनशीलता म्हणजे आजारी असलेल्यांपैकी किती जण पकडले आणि विशिष्टता म्हणजे आजारी नसलेल्यांपैकी किती जणांना योग्य रीतीने सोडून दिले. आकडे देखणे आहेत, पण रुग्ण फक्त ४२ आहेत हेही ध्यानात ठेवायला हवे.

दुसरी वाट पेशींवरचे प्रथिन मोजण्याची. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन आवारातील रशीद बशीर यांच्या गटाने २०१७ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये अशा चिपची माहिती दिली. तिला लागते फक्त १० मायक्रोलिटर रक्त, म्हणजे एका थेंबाचा जेमतेम पाचवा हिस्सा. आत गेल्यावर आधी रसायनाने तांबड्या पेशी फोडून बाजूला काढतात. उरलेल्या पांढऱ्या पेशी एका अरुंद दारातून एकेक करून जातात आणि जाताना विद्युतप्रवाहाला क्षणभर अडवतात. तो अडथळा मोजला की पेशी मोजली गेली. वॉलेस कूल्टर यांनी १९५३ साली पेटंट घेतलेले हे तत्त्व आजही गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमधील अनेक यंत्रांत वापरात आहे. पुढे एका खोलीत सीडी-६४ ला पकडणारी प्रतिपिंडे लावलेले खांब असतात. ज्यांच्या अंगावर हे प्रथिन जास्त, त्या पेशी तिथे अडकतात. बाहेरच्या दारावर पुन्हा मोजणी होते. आत किती गेल्या आणि बाहेर किती आल्या, या वजाबाकीतून उत्तर मिळते. या सगळ्याला साधारण अर्धा तास लागतो.

तिसरी वाट पेशीला दाबून पाहण्याची. आंबा पिकला आहे का हे आपण बोटाने हलकेच दाबून पाहतो, तसेच. लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठात डिनो डी कार्लो यांच्या प्रयोगशाळेत हे तंत्र विकसित झाले. २०१२ साली त्यांच्या गटाने सेकंदाला सुमारे २००० पेशी तपासण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पेशी रांगेने धावत येतात, समोरून येणाऱ्या प्रवाहांमध्ये क्षणभर चेपल्या जातात आणि अतिवेगवान कॅमेरा त्यांचे चित्र टिपतो. कोणती पेशी किती लांबते यावरून पांढऱ्या पेशी चवताळलेल्या आहेत का ते कळते.

या तंत्राने प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडला आहे. सायटोव्हेल या कंपनीच्या ‘इंटेलिसेप’ चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ च्या अखेरीस परवानगी दिली. तातडीच्या विभागात संसर्गाच्या संशयाने आलेल्या प्रौढ रुग्णांसाठी ती आहे. दहा मिनिटांच्या आत निकाल येतो आणि रुग्णाला सेप्सिसची शक्यता कमी, मध्यम की जास्त अशा तीन गटांपैकी एकात टाकले जाते. वर ज्या तीन तासांचा उल्लेख आला, त्यांत बसणारी ही चाचणी आहे.

चौथी वाट रक्तद्रवातील रसायन पकडण्याची. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटीमध्ये जोएल व्होल्डमन यांच्या गटाने २०१९ साली इंटरल्यूकिन-६ मोजणारी चिप सादर केली. तिच्यात प्रतिपिंडे चिकटवलेले सूक्ष्म चुंबकीय मणी असतात. मणी हे प्रथिन पकडतात, चुंबकाने त्यांना इलेक्ट्रोडकडे ओढले जाते आणि विजेच्या संकेतातून प्रमाण कळते. बोटाला टोचून निघेल त्याहूनही कमी रक्तात आणि पंचवीस मिनिटांच्या आसपास हे काम होते.

एकदा मोजून भागेल का?

सेप्सिस हा तासातासाला रूप बदलणारा विकार आहे. सुरुवातीला प्रतिकारशक्ती उधळते, पुढे काही रुग्णांत तीच इतकी थकते की दुसरा संसर्ग सहज शिरतो. सकाळी काढलेला एक आकडा संध्याकाळी जुना झालेला असतो. म्हणून चिपचे दुसरे काम पहिल्याइतकेच मोलाचे आहे. ते म्हणजे पुन्हा पुन्हा मोजून रुग्ण कोणत्या दिशेने चालला आहे ते सांगणे.

भाजलेल्या रुग्णांचे उदाहरण घ्या. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या माणसाला ताप असतोच, नाडी जलद असतेच, पांढऱ्या पेशी वाढलेल्याच असतात. त्यात सेप्सिस सुरू झाला तर तो या गर्दीत दिसत नाही. बोस्टनच्या याच गटाने २०१४ साली भाजलेल्या रुग्णांचे रक्त चिपमध्ये पाहिले. न्यूट्रोफिलांची आमिषाविना भटकंती सेप्सिसच्या काळात दिसली आणि उपचार लागू पडल्यावर लवकरच नाहीशी झाली. म्हणजे हेच निरीक्षण औषध लागू पडते आहे का याचाही इशारा देऊ शकते. चक्रव्यूहाच्या चाचणीला पेशींची हालचाल पाहण्यासाठी काही तास द्यावे लागतात, त्यामुळे दारात आलेल्या रुग्णापेक्षा आयसीयूत दाखल असलेल्या रुग्णावर लक्ष ठेवायला ती जास्त जवळची आहे.

पुन्हा पुन्हा मोजायचे तर रक्त कमी लागणे महत्त्वाचे ठरते. युरोपातील अतिदक्षता विभागांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, निव्वळ तपासण्यांसाठी एका रुग्णाचे दिवसाला सरासरी ४० मिलिलिटरच्या आसपास रक्त काढले जात असल्याचे दिसले. आठवडाभरात ते पेलाभराहून जास्त होते. चिपला काही मायक्रोलिटर पुरतात.

नवजात बाळांसाठी हा प्रश्न अधिक गंभीर

एक किलो वजनाच्या अकाली जन्मलेल्या बाळाच्या अंगात सगळे मिळून ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते. कल्चरसाठी त्यातून एक मिलिलिटर काढणे म्हणजेही मोठी गोष्ट. शिवाय बाळ काही सांगू शकत नाही. ताप येईलच असेही नाही, उलट अंग गार पडते.

दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या आणि तिथेच नवजात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या बाळांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील १४.३ टक्के बाळांना सेप्सिस झाल्याचे आढळले, पण कल्चरने पुष्टी मिळालेली बाळे होती ६.२ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक बाळांमध्ये डॉक्टरांना कल्चरच्या आधाराशिवायच निर्णय घ्यावा लागला.

जिथे प्रयोगशाळाच नाही तिथे काय होऊ शकते, याचे उत्तर महाराष्ट्राने पूर्वीच दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळ दूध ओढत नाही, रडणे क्षीण झाले आहे, अंग लुळे पडले आहे, अशा खुणांवरून त्या सेप्सिसची शंका घेत आणि घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने घ्यायचे औषध देत. १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या अहवालानुसार, तिसऱ्या वर्षी या गावांमधला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आला होता. तिथे चिप नव्हती. खूण ओळखणारी बाई आणि औषध मात्र एकाच उंबऱ्यावर होते. कोणत्याही नव्या यंत्राला याच कसोटीवर उतरावे लागेल.

चिपच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा म्हणजे चिप जंतूचे नाव सांगत नाही. शरीर बिथरले आहे एवढे ती सांगते. कोणते प्रतिजैविक चालेल हे ठरवायला कल्चर लागतेच. चिप कल्चरची जागा घेत नाही, कल्चर येईपर्यंतचा अंधार थोडा कमी करते.

दुसरी मर्यादा रक्ताच्या ताजेपणाची. न्यूट्रोफिल शरीराबाहेर फार काळ धड राहत नाहीत. नमुना दूरच्या लॅबला पाठवला तर वाटेतच त्यांचे वागणे बदलते. म्हणून चाचणी रुग्णाजवळच व्हायला हवी.

तिसरी मर्यादा काही रुग्णांचीच आहे. कर्करोगावरील केमोथेरपीमुळे ज्यांच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या असतात, त्यांच्यात या पेशींवर आधारलेली चाचणी कशी करणार? नेमका याच रुग्णांना सेप्सिसचा धोका सर्वात जास्त असतो.

चौथी मर्यादा सर्वात मूलभूत आहे. नवी चाचणी बरोबर की चूक हे ठरवायला खात्रीचे माप लागते आणि सेप्सिससाठी तेच उपलब्ध नाही. अभ्यासांमध्ये तज्ज्ञ डॉक्टर रुग्णाची सगळी कागदपत्रे नंतर वाचून ठरवतात की त्याला सेप्सिस होता की नव्हता. तज्ज्ञांमध्येही मतभेद होतात. म्हणून ९७ किंवा ९८ टक्क्यांसारखे आकडे वाचताना दोन प्रश्न विचारायला हवेत. किती रुग्णांवर? आणि कशाच्या तुलनेत?

पाचवी गोष्ट खर्चाची. प्लास्टिकची चिप स्वस्त होऊ शकते, पण तिच्यासोबतचा वेगवान कॅमेरा, पंप आणि संगणक स्वस्त नसतो. आणि निकाल दहा मिनिटांत येऊनही औषध दोन तासांनी दिले गेले, तर मधला वेळ वाया गेलाच.

मग सामान्य माणसाने काय लक्षात ठेवायचे?

आज आपल्या जवळच्या बहुतेक रुग्णालयांत अशी चिप नाही. घरी करता येईल अशी सेप्सिसची चाचणीही नाही. त्यामुळे समाजमाध्यमांवर ‘एका थेंबात सेप्सिसचे निदान’ अशी जाहिरात दिसली तर तिच्यावर विसंबू नये. पहिली शंका घ्यायची ती घरच्यांनीच. संसर्ग झालेला असताना पुढीलपैकी काही दिसले तर थांबू नये :

- माणूस गोंधळल्यासारखा बोलतो, ओळखत नाही किंवा जागा होत नाही
- श्वास फार जलद चालतो किंवा धाप लागते
- दिवसभरात लघवी जवळजवळ झालेलीच नाही
- हातपाय गार पडून कातडीवर निळसर, जाळीदार चट्टे दिसतात
- खूप ताप किंवा उलट अंग गार पडणे, सोबत हुडहुडी
- कधी नव्हे इतके दुखणे किंवा ‘आता मी वाचत नाही’ असे रुग्णाने म्हणणे
- बाळ दूध ओढत नाही, लुळे पडले आहे, अंग गार लागते

वृद्ध, गर्भवती आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, मधुमेही, मूत्रपिंडाचे किंवा कर्करोगाचे रुग्ण आणि एक वर्षाखालील बाळे यांच्याबाबतीत अधिक सावध राहावे. रुग्णालयात गेल्यावर संसर्ग कधी सुरू झाला, कोणती औषधे दिली आणि लघवी शेवटची कधी झाली हे सांगावे. आणि एक प्रश्न सरळ विचारावा : ‘डॉक्टर, हा सेप्सिस असू शकतो का?’

पुढच्या काही वर्षांत या प्रश्नाचे उत्तर देताना डॉक्टरांच्या हाती रक्ताचा एक थेंब आणि दहा मिनिटांत आलेला एक गुण असेल, अशी बरीच शक्यता आहे. तोवर, आणि त्यानंतरही, घड्याळ सुरू होते ते घरातल्या कुणालातरी पहिली शंका येते तेव्हा.